पाणी चोख आहे, आता हात बघा

जयपूर, 8 जुलै

सौ. वहिनीस,


पाणी उकळूनही अंगणवाडीतल्या पोरांची हगवण थांबत नाही, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मनातून जात नाही. वहिनी, पाण्याची काळजी तुम्ही घेताच. आता हातांकडे बघा. शौचाहून आल्यावर नखांत, बोटांच्या बेचक्यांत जे राहतं ते दिसत नाही, आणि तोच हात खिचडीच्या ताटात जातो.

कराचीच्या गरीब वस्त्यांत संशोधकांनी घरोघर साबण वाटला, तो केव्हा आणि कसा लावायचा हे पुनःपुन्हा जाऊन सांगितलं. त्याचे निष्कर्ष 2005 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. साबण मिळालेल्या घरांत पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब 53 टक्क्यांनी घटले, पाच वर्षांखालच्यांचा न्यूमोनियाही 50 टक्क्यांनी. साबण साधाच, जंतुनाशक महागड्या साबणाने त्याहून जास्त काही साधलं नाही.

आपल्या देशात 2018 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शौचानंतर साबण वापरणारी घरं 74 टक्के निघाली, पण जेवणाआधी वापरणारी जेमतेम 36 टक्के. बाकी बहुतेक ठिकाणी नुसतं पाणी. मला हा आकडा फार बोचतो, कारण ही माणसं हात धुतातच. पण हातावरचा तेलकट थर पाण्याला दाद देत नाही आणि जंतू त्यालाच धरून बसतात. साबणाचा कण एका टोकाने तेल पकडतो, दुसऱ्याने पाणी, म्हणून चोळल्यावर सगळं सुटून येतं. त्याला वीसेक सेकंद तरी द्यावे लागतात.

टँकरच्या गावात एवढं पाणी कुठून आणू, असं तुम्ही विचाराल. टंचाई आम्हीही जाणतो. ज्या रामगढ तलावावर 1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकाशर्यती झाल्या तो कोरडा पडला. जयपूर आता बनास नदीवरच्या बिसलपूर धरणावर जगतं. इथल्या प्याऊवर, म्हणजे पाणपोईवर, बाई रामझाऱ्याच्या लांब तोटीतून ओंजळीत बारीक धार सोडते. कुणाचा हात मटक्यात जात नाही, थेंब वाया जात नाही. तुम्हीही तोटीचं भांडं घ्या. हात ओले करायला आणि शेवटी फेस उतरवायलाच पाणी लागतं; चोळताना धार बंद.

साबणाची वडी हरवते, मातीत पडते. बांगलादेशात दीड लिटर पाण्यात 30 ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून, झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरून ठेवतात. खर्च अगदी किरकोळ. ही बाटली शौचालयाशी एक आणि जेवणाच्या जागी एक, अशी टांगा; दूर ठेवलेला साबण पोरं वापरत नाहीत.

आणि आहार वाढण्याआधी मदतनीस बाईंचे आणि तुमचे हात पहिले, मग पोरांची रांग. आयांनाही बोलवून दाखवा, कारण रात्रीचा घास त्या भरवतात. येत्या सोमवारपासूनच सुरू करा. पंचायतीकडून पैसे मिळेपर्यंत पावडरीचा खर्च मी पाठवते.

तुमची धाकटी नणंद