मोठ्या आजीचं घर पाण्यात आहे!

‘आलं का तळं?’

मागच्या सीटवरून हा प्रश्न तीन दिवसांत किमान शंभर वेळा आला असेल. विचारणारी मंडळी दोन. माझ्या मामेभावाचा थोरला, वय वर्षे ८, आणि धाकटी, वय वर्षे ५. चूक माझीच. दिवाळीच्या सुट्टीचा प्लॅन ठरत होता तेव्हा मीच फुशारकी मारली होती, ‘आपण एका भल्यामोठ्या तळ्याला गाडीने चक्क प्रदक्षिणा घालणार!’ आता भोगा.

तळं म्हणजे कोयनेचा शिवसागर जलाशय. लांबी सुमारे ५० किलोमीटर. आमचा रूट असा : सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर. तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, खेड, पोलादपूर. मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, खाली तापोळा आणि परतताना मेढामार्गे पुन्हा सातारा. गोची एकच. काठाकाठाने जाणारा सलग रस्ताच नाही. पश्चिमेला कोयना अभयारण्याचं घनदाट जंगल, जे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यामुळे ही प्रदक्षिणा म्हणजे बहुतेक वेळ तळं न दिसता गाडी चालवत राहणं! मला हे माहीत होतं, पोरांना नव्हतं.

गाडीत दादा, वहिनी, पोरं, मी आणि आमची आजी. ती येईल असं कुणी धरलंच नव्हतं. वय ७४, गुडघे कुरकुरतात, गाडी लागते. पण कोयनेचं नाव ऐकल्याबरोबर तिने विचारलं, ‘कधी निघायचं?’ आणि मांडीवर फराळाचा एक स्टीलचा डबा घेऊन बसली. पोरांनी हात लावला की फटका. ‘हा नाही. दुसरा घ्या.’

‘आजीचं माहेर धरणात गेलं,’ हे वाक्य आमच्या घरात ‘आजोबा गिरणीत होते’ इतक्याच सहज बोललं जातं. मी मास कॉम केलंय. लोकांना प्रश्न विचारायचे मला पैसे मिळतात. पण आजीला तिच्या गावाचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. अगदी खरं सांगते, लाज वाटली.

पहिला मुक्काम कोयनानगर. नेहरू उद्यानातून धरण दिसलं आणि थोरला खूश. त्याला आकडे लागतात. उंची १०३ मीटर, पाणी साधारण १०५ टीएमसी. ‘एक टीएमसी म्हणजे किती बादल्या?’ दादाने शांतपणे विषय बदलला.

रात्री आजी आपणहून बोलायला लागली. पाणी चढायला लागलं तेव्हा ती दहा वर्षांची. बाकीचं गाव पुनर्वसनात कुठे कुठे पांगलं, तिच्या वडिलांनी मात्र सगळ्यांना लालबागच्या आपल्या खोलीत आणलं. मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. पहाटे सव्वाचारनंतर कोयनेत जमीन हादरली, दीडशेहून जास्त माणसं गेली. धरण टिकलं.

‘मुंबईत आमच्या फळीवरची भांडी वाजली गं. वडील उठून बसले. म्हणाले, गावाकडं काहीतरी झालं. गाव होतं कुठं तेव्हा? तरी म्हणाले.’

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट. एका बाजूला खोल दरी, मागे उलटीची पिशवी आणि अंताक्षरी. दादाने गाडी चालवता चालवता फण्डा सांगितला. कोयना वाहते पूर्वेला, कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जायला हवं. पण त्यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून इकडे कोकणात सोडतात. ते वरून खाली कोसळतं, टर्बाइन फिरतात, वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉट.

‘म्हणजे आपला एसी?’ थोरला.

‘त्यात थोडी इथलीही वीज असेल.’

‘आणि मोठ्या आजीचं घर त्याच्यासाठी बुडवलं?’

गाडीत कुणी काही बोललं नाही. उत्तर आजीनेच दिलं. ‘त्याच्यासाठीच, बाळा. पण आम्हाला काही तुझ्यासारखं कुणी नीट समजावलं नव्हतं.’

तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरलो आणि वळणावर एकदम पाणी दिसलं. निळंशार, डोंगरांत शिरलेलं, पावसाळा संपल्यावरचं काठोकाठ. ‘आलं तळं!’ गाडीत नुसता कल्ला.

‘तळं कसलं? नदी आहे ती,’ आजी म्हणाली.

बोट ठरवली. आजीच्या सहावारीवर नारिंगी लाइफ जॅकेट, हातात तो डबा. इथे कोयनेला सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात. आम्ही सगळे पाणी बघत होतो, आजी मात्र डोंगर. एकेक शिखर बघून ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती. मी मोबाइल काढून शूट करायला लागले. ‘ठेव तो. बघ आधी.’ ठेवला.

‘कुठलं गाव, आजी?’ बोटवाल्या काकांनी विचारलं. तिने नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं. काका म्हणाले, ‘मग अजून जरा पुढं,’ आणि दहा मिनिटांनी त्यांनी इंजिन बंद केलं.

‘तो सुळका आमच्या मागल्या दारातनं दिसायचा,’ आजी म्हणाली. ‘आता वरनं दिसतो, एवढंच.’

मग तिने डबा उघडला, एक करंजी अलगद पाण्यात सोडली. ‘माहेरी रिकाम्या हातानं येतात का?’ उरलेल्या आम्हाला वाटल्या, बोटवाल्या काकांना दोन. वहिनी पलीकडे तोंड करून बसली होती.

धाकटी बराच वेळ खाली वाकून बघत होती. ‘मोठी आजी, आता तुझ्या घरात मासे राहतात?’

आजी खळखळून हसली. ‘राहू देत की. घर रिकामं नसावं. भाडं तेवढं देत नाहीत मेले!’

परतताना आजी झोपली. गाडीही लागली नाही तिला.

तुम्ही जाणार असाल तर तीन दिवस हवेतच. पोरं असतील तर घाटाआधी पोटभर खायला देऊ नका. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा बुडालेल्या गावांच्या खुणा वर येतात म्हणे. आजीने मे महिन्याचं बुकिंग आत्ताच करायला सांगितलंय.

आणि हो, निघण्याआधी एक काम करा. आपल्या आजीला तिच्या गावाचं नाव विचारून घ्या.