देणे लिहून ठेवावे

इंद्रायणी म्हटले की तुकोबांची बुडवलेली गाथा सर्वांनाच आठवते. आम्हां देहूकरांना आणखी एक बुडवणे ठाऊक असते. परंपरा सांगते की, आपल्या वाट्याची कर्जखते तुकोबांनी या नदीत सोडून दिली. लोकांकडचे येणे त्यांनी पुसून टाकले. पण आपण दुसऱ्यांचे जे देणे लागतो, त्याच्या कागदाचे काय करावे? हा प्रश्न मला पडला तो, गंमत म्हणजे, संगणकापुढे.

माझ्या जुन्या संगणकावर डेबियन आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली लिनक्स प्रणाली. तीवर मी कुणा हौशी माणसाने केलेला मराठी शब्दकोश बसवला. बसला विनातक्रार, उघडला तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! देवनागरी फॉन्ट माझ्याकडे नव्हता. कर्त्याकडे तो आधीपासून असणार. म्हणून तो लागतो हे त्याच्या ध्यानातच आले नसावे. रेड हॅट कंपनीने सर्वांसाठी खुला केलेला ‘लोहित’ फॉन्ट बसवला, तेव्हा कुठे शब्द दिसले.

वास्तविक डेबियनच्या प्रत्येक पॅकेजसोबत एक टिपण असते. ज्यावाचून चालणारच नाही ते ‘डिपेंड्स’पुढे लिहायचे, बहुतेकांना लागेलच ते ‘रेकमेंड्स’पुढे, असले तर बरे, ते ‘सजेस्ट्स’पुढे. २००९च्या ‘लेनी’ आवृत्तीपासून पहिल्या दोहोंतले सामान आपोआप येते. प्रोग्रामला कोणत्या सामायिक लायब्ररी लागतात हे यंत्र शोधून देते. फॉन्ट, किंवा नावाने हाक मारून बोलावलेला दुसरा प्रोग्राम, मात्र माणसानेच आठवून लिहावा लागतो. भीतीपोटी सगळेच ‘डिपेंड्स’मध्ये कोंबणे हाही खोटेपणाच, गरिबाच्या लहानशा डिस्कवर नको ते ओझे पडते. म्हणून जाणकार आपले पॅकेज कोऱ्या प्रणालीत बसवून पाहतात. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याच्या घरी ते चालते का, हीच खरी परीक्षा.

स्नेहसंमेलनात यशस्वी पाहुणे आम्हांला ‘केवळ मेहनत’ सांगतात, तेव्हा मला ते टिपण आठवते. पहाटे उठून डबा करणारी आई, मुदत टळली तरी पुस्तक ठेवू देणारे ग्रंथपाल, फीचे पैसे निमूटपणे भरणारा मामा. हे सारे हाताशी होते म्हणून यादीत आलेच नाही. समोर बसलेल्या एखाद्या मुलाला यातले काहीच नसते. तो बिचारा सांगितले तेवढेच करतो, चौकोन पाहतो आणि दोष स्वतःलाच देतो.

येणे खुशाल इंद्रायणीला द्यावे. देणे मात्र लिहून ठेवावे. ते मागून येणाऱ्याच्या कामाचे असते.