न केलेली स्लाइड

2020 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल आला. 2012 ते 2016 या काळातले, देशभरातल्या 28 लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रांचे आकडे त्यात होते, आणि कर्करोगाचं सगळ्यांत कमी प्रमाण निघालं होतं उस्मानाबाद-बीड या आमच्या दोन जिल्ह्यांत. वयोमानाचा फरक हिशेबात धरून दर लाख पुरुषांमागे वर्षाला 39.5 आणि दर लाख स्त्रियांमागे 49.4 नवे रुग्ण. दिल्लीत पुरुषांचा हाच आकडा 147, तर मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात 269.4. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात माझी रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब आहे. ती बातमी मी ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'ही आपल्या ज्वारीच्या भाकरीची ताकद.' पुढं कोरोनानंतर शाळा उघडल्यावर एका शाळेतल्या आरोग्य शिबिरात मला बोलायला बोलावलं, तिथंही मी हेच ठासून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मलाही आपण काहीतरी चांगलं सांगितलं असं वाटलं.

हा आकडा कसा तयार होतो, हे निदान मला तरी ठाऊक असायला हवं होतं. कारण नोंदणीचं काम करणारा एक मुलगा त्याच्या आधीच माझ्या लॅबमध्ये येऊन गेला होता आणि मी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.

मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 ची, देशातली पहिली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी मात्र आपल्या शेजारी बार्शीत 1987 मध्ये सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली गावं तिच्यात होती. पुढं उस्मानाबाद आणि बीड हे जिल्हेही नोंदणीत आले. शहरात पेशंट मोठ्या इस्पितळात जातो आणि तिथल्या कागदांत सापडतो. आपल्याकडं तसं नाही. इथं नोंदणीच्या माणसाला दवाखान्यांतून, लॅबमधून, ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या रजिस्टरातून एकेक नाव वेचून काढावं लागतं, मग त्या गावी जाऊन तो पेशंट किमान वर्षभर तिथं राहणारा आहे की नाही याची खात्री करावी लागते. हे अत्यंत चिकाटीचं काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आज फार आदर आहे.

त्या दिवशी नव्हता. दुपारची गर्दी होती. त्यानं विचारलं, "कॅन्सरचा कुणी पेशंट निघाला का इतक्यात?" मी मान वर न करता म्हणालो, "आपल्याकडं कुठला कॅन्सर, भाऊ? डेंगी, टायफॉइड, कावीळ. एवढंच." त्यानं वही बघू का विचारलं. मी 'पुढच्या खेपेला बघू' म्हणून टाळलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या वहीत गावाचा रकानाच नव्हता. नाव, वय, पैसे आणि तपासणी, बस्स. त्यातही अर्धी नावं 'सौ. मुंडे', 'सौ. जाधव' अशी. त्या वहीवरून कुणाचं घर सापडणार नव्हतं, आणि ते त्याच्या लक्षात येऊ नये असं मला वाटत होतं.

माझ्या लॅबमध्ये सापडू शकतो तो रक्ताचा कर्करोग, आणि तो बाकीच्या कर्करोगांसारखा डोळ्यांना दिसत नाही. तोंडात जखम होते, स्तनात गाठ हाताला लागते, बाईला अवेळी रक्त जातं. पेशंट निरक्षर असला तरी काहीतरी बिघडलंय हे त्याला कळतं. रक्ताच्या कर्करोगात थकवा येतो, ताप येतो, हाडं दुखतात, पोट जड वाटतं. आमच्या जिल्ह्यात हे कुणाला होत नाही? म्हणून हा आजार सापडायचा तर तो रक्ताच्या थेंबातच सापडतो, आणि तो थेंब सगळ्यांत आधी माझ्यासारख्याच्या हातात येतो.

माझ्याकडचं यंत्र पांढऱ्या पेशी तीन गटांत मोजतं: लिम्फोसाइट, ग्रॅन्युलोसाइट आणि मधल्या आकाराच्या 'मिड'. यंत्राला पेशीचा आकार कळतो, तिचं वय कळत नाही. ज्या कोवळ्या पेशी हाडांच्या मगजातच राहायला हव्यात त्या रक्तात आल्या, तर यंत्र त्यांना 'मिड'मध्ये नाहीतर भलत्याच रकान्यात ढकलतं आणि कडेला एक खूण छापतं. त्या खुणेचा अर्थ इतकाच की, काचपट्टीवर थेंब पसरा, लिशमनचा रंग द्या आणि स्वतः बघा. हे मला डीएमएलटीच्या पहिल्या वर्षात शिकवलं होतं. पण स्लाइड करायला, रंगवायला, वाळवायला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. पेशंटला पाचची एसटी गाठायची असते, डॉक्टरांना अर्ध्या तासात रिपोर्ट हवा असतो. मी खूण बघायचो आणि सोडून द्यायचो. रिपोर्टवर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्या गावी बसतात; त्यांच्याकडं मी आकडे पाठवायचो, स्लाइड नाही. त्यांनी मागितली असती तर दिली असती, असं मी स्वतःला समजावत आलो. पाठवायचं काम माझं होतं.

एका दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असताना, एक जोडपं आलं. बाई तिशीतली. नवरा म्हणाला, "भाऊ, हिला लई थकवा यायलाय, पोट बी फुगायलंय. परवा गाडी भरायचीय, लवकर द्या." यंत्रावर पांढऱ्या पेशींच्या जागी आकडाच आला नाही, नुसत्या रेघा आल्या. मला वाटलं रसायन खराब झालं. सलाइन घालून रक्त पातळ केलं, पुन्हा लावलं, तेव्हा हिशेबानं पेशी दीड लाखाच्या वर गेल्या. नॉर्मल चार ते अकरा हजार. मी तो आकडा मानलाच नाही. रिपोर्टवर हिमोग्लोबिन 8 लिहिलं आणि पांढऱ्या पेशींपुढं 'पुन्हा तपासावे'. बाईचं रक्त कमी, म्हणजे अंगावरून जात असणार, हे आमच्याकडं इतकं ठरून गेलंय की कुणी विचारतही नाही. तिला रक्तवाढीची इंजेक्शनं मिळाली. तिची गर्भपिशवी त्याआधीच काढलेली होती, हे नंतर कळलं. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारी समिती आली, घरोघर मोजणी झाली. मोजल्यावर तेरा हजारांहून जास्त बायका निघाल्या. मोजेपर्यंत त्या कुणाच्याच आकड्यात नव्हत्या. गर्भपिशवी नसलेल्या बाईचं रक्त पाळीनं कमी होत नाही; ती आहे की नाही, एवढा साधा प्रश्न मला सुचायला हवा होता.

ती गेली आणि पूर्ण हंगाम तिनं मोळ्या उचलल्या. कारखान्याचा पट्टा पडल्यावर ती परत आली, तेव्हा पाणथरी वाढून बेंबीच्या खाली आली होती. त्या वेळी मात्र मी स्लाइड केली. ऑइल इमर्शनखाली एरवी पांढरी पेशी शोधावी लागते, एखाद-दुसरी दिसते. इथं सगळं फील्ड जांभळ्या पेशींनी गच्च भरलेलं होतं. पेशींच्या वाढीच्या सगळ्या पायऱ्या एकाच ठिकाणी: मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड, आणि मधूनमधून काळपट दाण्यांनी भरलेले बेसोफिल. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं पुस्तकात असतं तसं चित्र. मी लेन्स पुसून पुन्हा बघितलं. चित्र बदललं नाही. हेच मला दिवाळीनंतरही दिसलं असतं.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात बीसीआर-एबीएल तपासणीनं निदान पक्कं झालं. या आजारावर इमॅटिनिबची गोळी आहे. 2001 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. भारतात तिच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 ला फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला. रोज गोळी घेत माणसं वर्षानुवर्षं जगतात. ती बाईही जगते आहे. पण इथंही मी एक घोळ करून ठेवलाच. इस्पितळात लवकर काम व्हावं म्हणून तिच्या नवऱ्याला मीच सांगितलं होतं, 'पुण्याच्या दिराचा पत्ता द्या.' म्हणजे बीड जिल्ह्यातली एक पेशंट मी स्वतःच्या हातानं पुण्याच्या पत्त्यावर लावली. पाटोदा-आष्टीचे पेशंट नगर-पुण्याला जातात, अंबाजोगाई-परळीचे लातूरला, गेवराईचे संभाजीनगरला. या वाटांवर असे किती पत्ते बदलत असतील, याचा अंदाज मला स्वतःवरूनच येतो.

माझ्या मामांबद्दल लिहिणं मला जड जातं. सत्तरी ओलांडलेली, कंबर दुखायची, दोन पावलं चालले की धाप. मी घरीच रक्त काढलं. ईएसआर 130 आला. मी म्हणालो, "वय झालंय मामा, वाताचं दुखणं आहे." पुढं मणक्याचा टीबी समजून त्यांना टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, मग पायांवर सूज आली, मग डायलिसिस. दोन महिन्यांत गेले. मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंड निकामी, एवढंच. हाडांचं दुखणं, रक्त कमी, ईएसआर शंभरच्या वर आणि मूत्रपिंडावर परिणाम हे सगळं एकत्र दिसलं की मल्टिपल मायलोमाचा, म्हणजे रक्ताच्या आणखी एका कर्करोगाचा, विचार करायचा असतो. त्यात स्लाइडवर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. रक्तातली एकूण प्रथिनं वाढतात, अल्ब्युमिन घटतं. ही प्रथिनांची तपासणी माझ्याच लॅबमध्ये, अगदी कमी पैशांत होते. मी केली नाही. मामांना मायलोमा होता, असं मी आज म्हणू शकत नाही, कारण तपासलंच नाही. ते कुठल्याही अहवालात नाहीत, आणि मी शिबिरात जो आकडा मिरवला तो अशाच माणसांना वगळून बनतो.

भारतात मायलोमाचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण असतात, असं अभ्यासक सांगतात. आपली लोकसंख्या तरुण आहे, हे त्याचं एक कारण. पण म्हातारी माणसं निदानापर्यंत पोचतच नाहीत, हेही कारण असणार, असं मला मामांमुळं वाटतं.

याचा अर्थ बीडचा आकडा खोटा आहे, असा कुणी काढू नये. ऐझॉलचा मोठा आकडा मुख्यतः जठर, अन्ननलिका आणि फुफ्फुसाच्या कर्करोगांचा आहे, आणि त्यामागं तिथल्या तंबाखूच्या सवयींचा मोठा वाटा आहे. लवकर आणि जास्त मुलं झालेल्या, त्यांना अंगावर पाजलेल्या बायकांत स्तनाचा कर्करोग कमी दिसतो. ग्रामीण भागातला कमी आकडा त्यामुळं बराचसा खरा असू शकतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये मायलोमाचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीच्या घरात आहे, तोही खरा फरक आहे. पण रक्ताच्या कर्करोगात खरा फरक आणि तपासणीतला फरक वेगळा काढणं फार कठीण असतं. पेनसिल्व्हेनियातल्या तीन काउंटींमध्ये पॉलिसायथेमिया व्हेरा या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण नोंदणीत जास्त दिसले. जेएके-2 ची जनुकीय तपासणी उपलब्ध झाल्यावर सरकारी यंत्रणेनं पेशंट पुन्हा तपासले. तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्येच तो आजार पक्का ठरला, आणि काही खरे रुग्ण नोंदीत आलेलेच नव्हते. सगळ्या सोयी असलेल्या देशात ही गत, तर 2011 च्या जनगणनेत जवळपास सव्वीस लाख वस्ती असलेल्या आमच्या जिल्ह्यात बोन मॅरो तपासायला माणूस किती लांब जातो, ते वाचकांनीच बघावं. अंबाजोगाईला 1974 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही पेशंटला तिथवर पाठवायची चिठ्ठी कुणीतरी आधी लिहावी लागते, आणि ती लिहायची तर कुणीतरी आधी स्लाइड बघावी लागते.

शिबिरातलं ते बोलणं मी त्याच शाळेत जाऊन मागं घेतलं. माझ्या वहीत आता गाव, तालुका, पूर्ण नाव आणि फोन असतो. यंत्रानं खूण छापली की स्लाइड होते, आणि ती पॅथॉलॉजिस्टकडं जाते. ईएसआर शंभरच्या वर गेला की प्रथिनांची तपासणी मी न सांगता करतो आणि डॉक्टरांना फोन करतो. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

जिल्ह्यातल्या लॅबवाल्या मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे: पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर, प्लेटलेट विनाकारण कमी, किंवा यंत्राची खूण, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्ट थांबवा, पाचची एसटी चुकली तरी चालेल. स्लाइडवर पेशंटचं नाव आणि गाव लिहून ती जपून ठेवा. इस्पितळात पत्ता विचारला तर पेशंटला स्वतःच्या गावाचाच द्यायला सांगा. आणि नोंदणीचा माणूस आला की त्याला खुर्ची द्या, वही त्याच्यापुढं उघडून ठेवा.