मॅक्वारीची उशी आणि आमची मर्यादवेल

झाईला वाढलेल्या माणसाला वारा शिकवावा लागत नाही. जूनमध्ये होड्या वर ओढून शाकारल्या की किनाऱ्यावर उभं राहणं मुश्किल. सुरूची झाडं एका अंगाला वाकतात. मर्यादवेल मात्र वाळूला चिकटून मजेत असते. वाऱ्यात टिकायचं तर उंच व्हायचं नाही, पसरायचं, ही तिची रीत.

हीच रीत फार पुढे नेलेली एक वनस्पती आहे, अझोरेला मॅक्वारिएन्सिस. टास्मानियापासून सुमारे 1,500 किलोमीटरवर, अंटार्क्टिकाच्या वाटेवर मॅक्वारी बेट आहे. थंडगार, सतत वारा, झाड एकही नाही. तिथे ही वनस्पती हिरव्या उशीसारखी वाढते. देठ इतके दाटीने की वारा आत शिरत नाही, वरून निघून जातो. माती धरते, दुसऱ्या रोपांना आसरा देते. 1989 मध्ये तिला वेगळी प्रजात म्हणून नाव मिळालं. जगात फक्त याच बेटावर.

2008 च्या डिसेंबरात लोकांच्या लक्षात आलं की उश्या पिवळ्या पडून मरतायत. ससे-उंदरांचा उच्छाद होताच, पण हे दुखणं वेगळं. पुढे शास्त्रज्ञांनी हवामानाच्या नोंदी काढल्या तर गंमतच. एकूण पाऊस वाढला होता! पण वारा वाढला, ऊन वाढलं, बाष्पीभवन वाढलं, आणि झाडाला मिळणाऱ्या पाण्यात 17 वर्षं तूट साचत गेली. भर पावसात तहानलेली झाडं. अशा अशक्त झाडांना मग रोगांनी गाठलं. आपल्याकडे 'पाऊस तर भरपूर झाला ना' म्हणून विषय मिटवतात, त्यांनी हे वाचावं.

2010 मध्ये ऑस्ट्रेलियाने तिला अतिसंकटग्रस्त जाहीर केलं. म्हणजे लक्षात आल्यापासून दोन वर्षांत, आणि तेही जिथे कायमची वस्ती नाही, एक मतदार नाही अशा जागी. बेटावर वेगळी रोपं वाढवायला घेतली, विमा म्हणून. तिथलं सरकार संत आहे असं नाही हां. 2016 मध्ये बेटावरचं संशोधन केंद्र बंद करायची घोषणा झाली होती, ओरड झाली तेव्हा महिन्याभरात मागे घेतली.

आता घरचं. मर्यादवेल दुर्मिळ नाही, म्हणून तिची नोंद कोण ठेवणार? पण ती आणि रावणाच्या मिशा, ही दोघं वाळू धरतात म्हणून टेकाड उभं राहतं, आणि टेकाड आहे म्हणून भरतीचं पाणी मागच्या घरांपर्यंत येत नाही. जुन्या माणसांनी नाव उगाच ठेवलं नाही, समुद्राची मर्यादा तिथवर. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक वर्गात आहेत, 1-अ मध्ये, तिवरांच्या बरोबरीने. तरी गेल्या वर्षी आमच्या आळीसमोर जेसीबी फिरला, गाड्या लावायला जागा हवी म्हणून. वेल उपटून कचऱ्यात. कुणी हूं की चूं केलं नाही, मीसुद्धा नाही, हे कबूल करतो. वाढवणवर आपण सगळे बोलतो, बोललंच पाहिजे. पण आपल्याच दारातलं टेकाड आपणच सपाट करू दिलं.

परवा बघितलं तर कडेला दोन-तीन वेली पुन्हा फुटल्यात, तीच आपट्यासारखी दुभंगलेली पानं. येत्या ग्रामसभेत तेवढा पट्टा दोरी बांधून सोडा असा अर्ज देतोय. सही करायला कोण कोण येणार, खाली सांगा.