शेरीफ हसला तेव्हा : 'व्हेरोनिका मार्स'च्या निमित्ताने

'व्हेरोनिका मार्स' ही अमेरिकन मालिका आम्ही पाहिली ती फार उशिरा, बंद पडून कित्येक वर्षे झाल्यावर. शाळकरी मुलामुलींची मालिका म्हणजे पार्ट्या आणि प्रेमप्रकरणे, असा आमचा समज होता. पहिल्याच भागाने तो मोडला.

2004 साली सुरू झालेली ही मालिका कॅलिफोर्नियातल्या नेपच्यून या काल्पनिक शहरात घडते. तिथे मध्यमवर्ग नाहीच. तुम्ही एकतर कोट्यधीश, नाहीतर कोट्यधीशांकडे राबणारे. 17 वर्षांची व्हेरोनिका तिथल्या शेरीफची, म्हणजे पोलीसप्रमुखाची मुलगी. तिच्या मैत्रिणीचा, लिलीचा खून होतो. वडील थेट लिलीच्या धनाढ्य बापावर संशय घेतात आणि पद गमावून बसतात. व्हेरोनिका वडिलांची बाजू सोडत नाही, म्हणून श्रीमंत मित्रमंडळी तिला वाळीत टाकतात. एका पार्टीत गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार होतो. ती तक्रार घेऊन नव्या शेरीफकडे जाते. तो तिच्या रडण्याची टिंगल करतो.

इथे आम्ही मालिका थांबवली. ते हसू आमच्या ओळखीचे होते. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका मुलीसोबत आम्ही पोलीस ठाण्यात गेलो होतो. पहिला प्रश्न आला, "एवढ्या रात्री तिकडे कशाला गेली होतीस?" दुसरा प्रश्न आडनावाचा. तीन तास बसवून ठेवले, टेबलापलीकडे हसणे चालू होते, आणि शेवटी 'उद्या या' म्हणून वाटेला लावले.

व्हेरोनिका त्या हसण्याने खचत नाही, हे तिचे मोठेपण. ती कोणापुढे पदर पसरत नाही. वडिलांच्या गुप्तहेर कचेरीत काम करता करता ती पुरावा गोळा करायला शिकते : फोटो, नोंदी, कागद. शाळेत नव्याने आलेल्या वॉलेस या कृष्णवर्णीय मुलाला नग्न करून ध्वजस्तंभाला बांधले जाते. सगळे बघत उभे असतात, ती पुढे होऊन त्याला सोडवते. वीव्हिल या लॅटिनो मुलाची आजी श्रीमंतांकडे घरकाम करते. तिच्यावर आळ येतो, तेव्हा खरे शोधायला व्हेरोनिकाच उतरते. बाईवरचा अन्याय आणि गरिबावरचा अन्याय एकाच टेबलावर दाबला जातो, हे या मालिकेला कळले होते.

पण कौतुक करताना डोळे झाकायचे कारण नाही. तिसऱ्या पर्वात कॉलेजातल्या स्त्रीवादी मुलींनी बलात्काराची खोटी तक्रार रचल्याचे दाखवले आहे. जिची तक्रार हसण्यावारी नेली गेली, तिच्याच मालिकेने हे दाखवावे याचा आम्हाला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

2007 मध्ये, 64 भागांनंतर, मालिका बंद केली गेली. वाहिनीला प्रेक्षकसंख्या हवी होती, ती मिळाली नाही. प्रेक्षक मात्र गप्प बसले नाहीत. 2013 मध्ये 91 हजारांहून अधिक लोकांनी वर्गणी काढून 57 लाख डॉलर उभे केले आणि पुढच्या वर्षी चित्रपट आला. कथेतली नायिका बहुतेकदा एकटी लढते, तिला परत आणले ते मात्र हजारोंनी मिळून. आमच्या तरुण मित्रमैत्रिणींनी ही मालिका जरूर पाहावी. चिकाटी व्हेरोनिकाकडून घ्यावी, पण तिचे एकटेपण घेऊ नये.

त्या मुलीसोबत दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा जण ठाण्यात गेलो. हातात 2013 च्या कायदा दुरुस्तीची प्रत होती. अशी तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतःच गुन्हेगार ठरतो, ती ओळ पेनाने अधोरेखित केलेली होती. प्रत टेबलावर ठेवली. तक्रार तासाभरात लिहून झाली, आणि नोंदीची नक्कल त्या मुलीने स्वतः मागून घेतली.