जळलेल्या दरीतील डबी

सेवानिवृत्तीनंतर, २०२३ साली, मी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात माझ्या मुलाकडे राहावयास गेलो होतो. एका रविवारी माझा बारा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, चला, दडवलेली डबी शोधू या!"

या खेळाला तिकडे 'जिओकॅशिंग' म्हणतात. एकाने डबी रानात दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करावयाचे, आणि उपग्रहांच्या साहाय्याने इतरांनी ती हुडकावयाची. या खेळाचा जन्म ऑरेगनमध्येच, मे २००० मध्ये झाला.

आम्ही कोलंबिया नदीच्या काठी ईगल क्रीकच्या दरीत शिरलो. दोन्ही अंगांना वृक्षांचे काळे, निष्पर्ण सांगाडे उभे होते. २ सप्टेंबर २०१७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने गंमत म्हणून या दरीत पेटता फटाका फेकला. उन्हाळ्याने रान वाळून गेलेले! बघता बघता वणवा भडकला. गिरिभ्रमणास आलेल्या सुमारे दीडशे लोकांना ती रात्र रानातच काढावी लागली. पुढे ठिणग्यांनी कोलंबियाचे विशाल पात्रही ओलांडले. सुमारे ४८ हजार एकरांवर आग पसरली. न्यायालयाने त्या मुलास १,९२० तास समाजसेवा करण्याची शिक्षा दिली.

नातवाच्या हातातील फोनवरचा बाण आता वरच्या उताराकडे वळला. पाऊलवाट मात्र दूरच्या वळणाने जात होती. मी थकलो होतो. "सरळच चढू," असे म्हणून मी वाटेबाहेर पाऊल उचलले.

नातवाने माझा हात घट्ट धरला. "आजोबा, थांबा! खाली पाहा."

काळसर मातीतून बोटभर उंचीची हिरवी रोपे डोके वर काढीत होती. माझा बूट नेमका त्यांच्यावर पडणार होता! पस्तीस वर्षे मी मुलांना 'पाहून चाला' असे सांगत आलो होतो. मी मुकाट्याने पाय मागे घेतला.

वळणाने गेलो. वाटेलगतच्या एका करपलेल्या बुंध्याशी, दगडाखाली, डबी सापडली. आत चिमुकली वही व काही किरकोळ वस्तू होत्या. एखादी वस्तू घ्यावी, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवावी, असा नियम. नातवाने एक मणी घेतला व आपली आवडती गोटी ठेवली. वहीत आमची नावे लिहून त्याने विचारले, "आणखी काय लिहू?"

मी म्हणालो, "लिही, नातवाने आजोबांना वाट दाखविली."

तो हसला. परतताना मी प्रत्येक पाऊल पाहून टाकीत होतो.