मायोनच्या पायथ्याचें अळूं

फिलिपिन्स देशांतील लुझॉन बेटाच्या आग्नेय टोंकास बिकोल नांवाचा प्रांत आहे. तेथील लेगास्पी शहराच्या कोणत्याही रस्त्यावर उभें राहिलें तरी मायोन ज्वालामुखी समोर दिसतो. उंची २४६३ मीटर, आणि घडण इतकी रेखीव कीं कुंभारानें चाकावरून उतरविल्यासारखी वाटावी. परंतु १८१४ सालच्या उद्रेकांत याच पर्वतानें काग्सावा गांव गाडून टाकलें. हजाराहून अधिक माणसें गेलीं, आणि आज तेथें चर्चच्या घंटेचा मनोरा तेवढा शिल्लक आहे. २००६ सालच्या वादळांत उतारावरील राख व दगड पावसाबरोबर खालीं येऊन पुन्हा कित्येक वस्त्या बुडाल्या. तरी लोक येथून हालत नाहींत, कारण राखेची माती सुपीक आणि पाऊस उदंड. माडांच्या रांगा, भाताचीं खाचरें व कुंपणाकडेला अळवाचीं रुंद पानें पाहून कोंकणांतल्या माणसास आपण घराजवळच आहों असें वाटल्यास नवल नाहीं.

अशा ठिकाणीं थोडक्या पैशांत जेवावयाचें तर मोठ्या हॉटेलची पायरी न चढतां रस्त्याकडेची ‘कारिंदेरिया’ गांठावी. तिला ‘तुरो-तुरो’ असेंही म्हणतात. ‘तुरो’ म्हणजे बोट दाखविणें. पत्र्याचें छप्पर, दोन-तीन बांकें आणि फळीवर ओळीनें मांडलेलीं पातेलीं, एवढाच थाट. गिऱ्हाइकानें झांकण उचलून पाहावें, हव्या त्या पदार्थाकडे बोट दाखवावें, आणि ताटांत भात व वाट्यांत कालवणें येतात. शंभर-सव्वाशें पेसोंत पोट भरतें.

या देशांत भातावांचून जेवण नाहीं. शेतांतल्या भाताला ‘पालाय’, तांदुळाला ‘बिगास’ व शिजलेल्या भाताला ‘कानिन’ असे तीन निराळे शब्द आहेत. भाताबरोबरच्या सर्व पदार्थांस मिळून ‘उलाम’ म्हणतात, तें आपलें तोंडीलावणेंच. मालकिणीला सर्व गिऱ्हाइकें ‘आते’ म्हणून हांक मारतात. आपल्याकडे हा शब्द आत्याच्या नात्याचा. तेथें त्याचा अर्थ थोरली बहीण. आणि जेवीत असलेला माणूस ओळखीचें कोणी दिसतांच ‘काइन तायो’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘या, जेवूं या’. आपल्या ओसरीवरची रीत इतक्या दूर ऐकून मोठी मौज वाटते.

आतां पातेल्यांतील पदार्थांविषयीं. माझ्यासवें गोव्याचे एक मत्स्याहारी स्नेही होते. त्यांनीं कोणतेंच झांकण सोडलें नाहीं. ‘दिनुगुआन’ हें डुकराचें मांस त्याच्याच रक्तांत, शिरका घालून शिजविलेलें काळसर कालवण. ‘बिकोल एक्स्प्रेस’ हें नांव मनिलाहून इकडे येणाऱ्या आगगाडीवरून पडलेलें. त्यांत डुकराचें मांस, मिरच्या व नारळाचा रस. सायंकाळीं फेरीवाले ‘बालुत’ विकतात, म्हणजे पिल्लूं अर्धवट घडलेलें बदकाचें उकडलेलें अंडें. हें वाचून कित्येक वाचकांस शिसारी येईल, व मीही त्यांना हात लावला नाहीं. परंतु एवढें ध्यानांत यावें कीं, जेथें डुक्कर कापण्याचा प्रसंग सणावारींच येतो, तेथें रक्त व आंतडीं फेंकून देणें गरीब घरास परवडत नाहीं. जी गोष्ट आपणांस किळसवाणी वाटते, ती तेथल्या गृहिणीची काटकसर आहे.

माझें बोट गेलें तें ‘लाइंग’ नांवाच्या पातेल्याकडे. अळवाचीं पानें सुकवून, आलें, लसूण व मिरच्यांसह नारळाच्या रसांत मंद आंचेवर शिजवितात. रस पानांत मुरेपर्यंत पळी घालावयाची नाहीं, नाहींतर घसा खाजतो, असा तेथील दंडक. खाजेचें मूळ अळवांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांत असतें. आपण त्यावर चिंच घालतों; बिकोलची बाई पानें वाळविते व पुष्कळ वेळ शिजविते.

परंतु पालेभाजी दिसली म्हणून ती निरामिष असें या देशांत समजूं नये. कोळंबीचें खारविलेलें वाटण किंवा सुकी मासळी बहुतेक भाज्यांत मुरलेली असते. मीं आधींच विचारलें. आतेनें सांगितलें, “सर्वांत घातलें आहे.” मग, मासे किंवा मांस मुळींच खात नाहीं हें मीं समजावून दिलें. तिला राग येईल अशी मला धास्ती होती. कारण दुसऱ्याच्या दारीं बसून त्याचें अन्न नाकारणें सोपें नव्हे. ती क्षणभर विचार करून म्हणाली, “ईस्टरच्या आधीं शुक्रवारीं आम्हीही मांस खात नाहीं. तुमचा शुक्रवार रोजचाच दिसतो! उद्यां दुपारीं या, लहान पातेलें वेगळें ठेवतें.”

दुसऱ्या दिवशीं तें पातेलें खरोखरच वेगळें ठेवलेलें होतें. हिरवट काळें, दाट, तिखट, वर नारळाच्या पहिल्या पिळ्याचा रस. आपल्या फदफद्याहून निराळें, तरी जिभेला ओळखीचें. जोडीला मुगाची आमटी होती. मुगाला तिकडे ‘मुंगो’ म्हणतात, व शुक्रवारीं ती रांधण्याचा पुष्कळ ठिकाणीं प्रघात आहे. जास्त पैसे देऊं केले ते तिनें परत केले. उलट, अळवांत चिंच कशी घालतां हें मात्र बारकाईनें विचारून घेतलें. तेथें चिंच माशाच्या आंबट कढणांत पडते. अळवांत घालावी हें तिला नवें होतें.

परदेशीं जाणाऱ्या तरुणांस आपल्या घरांतून दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, देश तसा वेष, जें मिळेल तें खा. दुसरा म्हणतो, परक्याच्या हातचें पाणीही नको. आपला नेम स्पष्ट शब्दांत व नम्रपणें सांगितला, तर नेमही राहतो आणि माणूसही राहतो, असा माझा अनुभव आहे. श्रावणांत अळूं कोवळें असतें. पानें दोन दिवस सावलींत वाळवून, पातळ रसांत ढवळल्यावांचून मंद शिजवावींत, उतरवितांना दाट रस घालावा. लसूण नको असल्यास आलें व मिरची पुरे. घरच्या भातावर लाइंग कसें लागतें, तें गृहिणींनीं अवश्य पाहावें.